सगळ्यांचा श्वास वीस

त्या वॉर्डात बावीस खाटा होत्या आणि बावीसही खाटांवरची माणसं मिनिटाला बरोबर वीस वेळा श्वास घेत. दाराजवळच्या खाटेवर ऐंशी वर्षांचे दमेकरी आजोबा होते, त्यांचे वीस. खिडकीजवळ अपेंडिक्स काढलेला एक धिप्पाड ट्रकचालक घोरत पडलेला असे, त्याचेही वीस. एका बाईंना डबा घेऊन आलेल्या नवऱ्याने काहीतरी विनोद सांगितला आणि त्या टाक्याला हात लावून पाच मिनिटं हसत राहिल्या, तेव्हाही त्यांच्या तक्त्यावर वीसच होते. एवढी शिस्त लष्करातसुद्धा नसेल.

हे वीस कुठून येत, ते वॉर्डातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ताप काचेची नळी सांगते, नाडी आणि रक्तदाब यंत्र सांगतं. श्वास मात्र माणसानेच मोजायचे असतात. खाटेशी उभं राहायचं, छाती वर-खाली होताना बघायची आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट गप्प राहायचं. बावीस खाटांची बावीस मिनिटं, दिवसातून पाच वेळा. वॉर्डात नर्स दोन. त्या औषधं देत, सलाईन बदलत, ड्रेसिंग करत, नातेवाइकांची बोलणी खात. म्हणून तक्ते भरायचं काम शिकाऊ डॉक्टरांकडे आलं होतं, आणि शिकाऊ डॉक्टरांकडे एकदा आलेलं काम पुन्हा कुणाकडे जात नाही.

या शिकाऊ डॉक्टरांत सगळ्यांत धाकटी होती ती. घरीही शेंडेफळ, वॉर्डातही वयाने लहान, त्यामुळे दोन्हीकडे तिचं नाव ‘धाकटी’च पडलं होतं. पहिल्या आठवड्यात ती खरोखरच श्वास मोजत उभी राहायची. तिच्याहून एक वर्षाने पुढचा उंच शिडशिडीत डॉक्टर, ज्याला सगळे लंबू म्हणत, तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, “काय करतेयस?”

“मोजतेय.”

“अगं, राउंड सुरू होईल. वीस लिही आणि चल.”

“सगळ्यांना वीस?”

“बारा लिहिलेस तर विचारतात, तीस लिहिलेस तर धावावं लागतं. वीसला कुणी काही विचारत नाही. मला माझ्या सीनियरने सांगितलं, मी तुला सांगतोय.”

पहिलं खोटं वीस लिहिताना धाकटीचे कान तापले. दहाव्याला तापले नाहीत. महिन्याभरात ती सकाळी दहालाच दुपारच्या दोनचे आणि संध्याकाळच्या सहाचेही वीस लिहून टाकू लागली, म्हणजे मागाहून घाई नको. वाचकहो, तिला वाईट म्हणण्याआधी थोडं थांबा. ती आळशी नव्हती. सलग छत्तीस तास उभं राहून काम करणारी मुलगी होती. घरातला एखादा रिवाज सून जशी मुकाट्याने उचलते, तसा तिने तो उचलला.

त्यात गुणवत्ता मोहीम आली.

रुग्णालयाने एक गुणवत्ता अधिकारी नेमल्या. बाई कष्टाळू होत्या, मनाने चांगल्या होत्या, पण त्यांचा सगळा जीव तक्त्यांत. म्हणून शिकाऊ मंडळी त्यांना पाठीमागे ‘तक्तेबाई’ म्हणत. त्यांनी प्रत्येक वॉर्डाच्या दारावर एक फळा लावला. आठवड्यात किती रकाने भरले, त्याची टक्केवारी त्यावर येई. रकाना रिकामा राहिला की लाल टिकली, आणि सोमवारच्या बैठकीत जबाबदार शिकाऊ डॉक्टरचा उद्धार. भरलेल्या रकान्यात काय भरलं आहे, हे विचारायची पद्धत नव्हती. शिकाऊ डॉक्टरांना बैठकीत मागच्या रांगेत बसवत. मोहीम कशी असावी, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सुधारायचं होतं ते त्यांचंच काम, पण ते काम कसं चालतं हे सांगायला जागा नव्हती.

एकदाच धाकटी उठून म्हणाली होती, “मॅडम, एका फेरीला नुसते श्वास मोजायलाच बावीस मिनिटं लागतात. आम्ही दोघंच असतो.”

“अडचणी नकोत, उपाय सांगा,” तक्तेबाई हसून म्हणाल्या.

“एक माणूस वाढवून मिळाला तर...”

“ते आपल्या हातात नाही. पुढचा मुद्दा.”

शेजारी बसलेल्या लंबूने तिचा कोट खाली ओढला. ती बसली. त्यानंतर फळ्यावरचा आकडा एकसष्टवरून चढत चढत अठ्ठ्याण्णववर गेला, आणि वॉर्डाला बक्षिसाची ढाल जाहीर झाली. विभागप्रमुखांना सगळे ‘मोठे सर’ म्हणत. त्यांनी बैठकीत धाकटीकडे बोट दाखवून म्हटलं, “हिच्याकडून शिका.”

घरी आईला हे कळल्यावर तिने जिन्यातच शेजारणीला थांबवून सांगितलं. दादा म्हणाला, “ढाल मिळाली, आता तलवार कधी?” वडील फक्त मान हलवून हसले. मुलीचं शिक्षण संपायला दोन महिने राहिले होते. मोठ्या सरांची शेवटच्या वहीवर सही झाली की त्या घरातली पहिली डॉक्टर पुरी होणार होती. या दोन महिन्यांवर त्या घराचा जीव टांगलेला होता.

ढाल द्यायचा दिवस गुरुवार होता. बुधवारी चौदा नंबरच्या खाटेवर पित्ताशयाच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस काढत एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. वय चोपन्न. त्यांचे यजमान शाळेत कवायतीचे मास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. ते स्टुलावर ताठ बसत आणि डॉक्टर आली की उठून उभे राहत, हे धाकटीला फार अवघड वाटे.

सकाळी अकराला ते म्हणाले, “डॉक्टर, हिचा श्वास जरा भराभर चाललाय असं वाटतं.”

धाकटीने खाटेच्या पायथ्याचा तक्ता उचलला. दहाच्या रकान्यात तिच्याच अक्षरात वीस होते. “वीस आहेत. व्यवस्थित आहे,” ती म्हणाली. ती पेशंटकडे वळून बघण्याआधीच पुढच्या खाटेवरून हाक आली.

दुपारी दोन वाजता मास्तरांनी एक कागद पुढे केला. औषधाच्या पावतीच्या मागे पेनाने ओळीने लिहिलं होतं. साडेअकरा, अठ्ठावीस. साडेबारा, तीस. दीड, बत्तीस. “मुलांना पळवल्यावर मी मोजायचो, म्हणून सवय आहे,” ते ओशाळून म्हणाले.

“मास्तर, घरचं माणूस मोजतं तेव्हा काळजीने जास्तच भरतात,” धाकटी म्हणाली. ती गोड बोलली. आपण किती समजूतदारपणे बोललो, असंही तिला वाटलं. “आमच्या नोंदीत सगळं नॉर्मल आहे. ताप नाही, रक्तदाब चांगला आहे. पोटावर टाके आहेत, त्यामुळे जरा उथळ श्वास घेतात.”

“तसं असेल,” मास्तर म्हणाले. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

सहा वाजता ते पुन्हा काही बोलायला उठले होते. धाकटीच्या हातात तीन फाइली होत्या आणि कानाला फोन होता. तिने लांबूनच हात केला, येते म्हणून. मास्तर खाली बसले. ती आली नाही.

गुरुवारी सकाळी सहाला नर्सची हाक आली तेव्हा बाईंचे ओठ निळे झाले होते. सगळे धावले. जे जे करायचं ते ते केलं, अगदी पुस्तकात आहे तसं. पावणेसातला लंबूने छातीवरचे हात काढले आणि घड्याळाकडे बघितलं. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. गाठ आदल्या दिवसापासून थोडी थोडी सरकत होती आणि त्याची एकच खूण होती, वाढलेला श्वास.

धाकटीने मृत्यूचा दाखला लिहिला. अक्षर नेहमीसारखं आलं. हात धुतले, साबण संपला होता म्हणून कपाटातून नवा काढला, पुन्हा धुतले. रडू येईल म्हणून ती थोडा वेळ बेसिनपाशी उभी राहिली. आलं नाही. दार पाहिजे तेवढं ठोठवा, आत कुणीच नाही, असं तिला स्वतःबद्दल वाटलं. अकरा वाजता ढालीबरोबर फोटो झाला. फोटोवाल्याने सांगितलं हसा, ती हसली.

अशा प्रत्येक मृत्यूनंतर सोमवारी चौकशीची बैठक होत असे. शुक्रवारी मोठ्या सरांनी तिला खोलीत बोलावलं. फाइल उघडी होती.

“तक्ता पूर्ण आहे, हे बरं झालं,” ते म्हणाले. “आधी काहीच लक्षण नव्हतं, अचानक घडलं. अशा गाठी कळत नाहीत. तू सारांश लिही आणि सही कर.”

“सर, श्वास...”

“वीस आहेत ना?”

मोठे सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. “हे बघ, तुझे दोन महिने राहिलेत. शहाणी मुलगी आहेस. आम्ही पण शिकाऊ होतो एकेकाळी.”

त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ तिला जिन्यात लागला. त्यांनीही वीस लिहिले होते. त्यांच्या सरांनीही लिहिले असतील. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा वारसा होता आणि आता तो तिच्या सहीची वाट बघत होता.

घरी तिने ताट पुढे घेतलं आणि जेवताना सगळं सांगितलं. सूर असा, की दुसऱ्या कुणाचं तरी सांगतेय. आईचा हात वाढता वाढता थांबला.

“तुझ्या एकटीच्या लिहिण्याने थोडीच झालं ते?” आई म्हणाली. “सगळेच लिहितात ना?”

“सगळे लिहितात.”

“मग तू एकटीनेच का उठून बोलायचं? मोठ्यांपुढे तोंड उघडून कुणाचं भलं झालंय?”

दादा म्हणाला, “सही झाली की मग काय ते बोल. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.”

वडील कारखान्यात लेथवर तीस वर्षं होते. मुलीला वाटलं, ते तरी काही वेगळं सांगतील. ते बराच वेळ ताटात बोट फिरवत राहिले. “आम्ही पण लिहायचो,” ते म्हणाले. “दर दहावा तुकडा मापायचा असा नियम होता. कोण मापतंय? आदल्या पाळीचे आकडे उतरवायचे. त्या तुकड्यांचं पुढे काय झालं, देव जाणे. मी कधी विचारलं नाही.”

“कधीच?”

“विचारून झोप लागली नसती.”

त्यांनी तिला बोल असंही म्हटलं नाही आणि बोलू नकोस असंही नाही. आईने मात्र झोपायला जाताना डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “सही कर बाई.” त्या हाताचंही धाकटीला काही वाटलं नाही.

शनिवारी दुपारी मास्तर कागदपत्रं न्यायला आले. तिला बघून सवयीने उभे राहिले. तिने त्यांना बसवलं आणि कागदांवर शिक्के मारून दिले. जाताना ते घुटमळले.

“एक विचारू? शेवटी फार त्रास झाला असेल का हिला?”

“फार वेळ नाही,” ती म्हणाली. हे तरी खरं असावं, असं तिला वाटलं.

“मी दुपारनंतर मोजलंच नाही,” मास्तर म्हणाले. “तुम्ही म्हणालात ना, काळजीने जास्त भरतात. मला वाटलं, खरंच की. आपलं वय झालं, नजर कच्ची झाली, उगाच डॉक्टरांना त्रास देतोय. सहा वाजता वाटलं पुन्हा सांगावं, पण तुम्ही कामात होतात. मग मी तिलाच रागावलो. म्हटलं, नॉर्मल आहेस तू, उगाच धापा टाकू नकोस.” त्यांनी खिशातून तो पावतीचा कागद काढला. “हा फेकून द्या इथेच. घरी न्यायला नको वाटतो.”

तिने कागद घेतला. त्या क्षणी सांगायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण तिने शिक्का खणात ठेवला आणि मास्तर पायऱ्या उतरून गेले. माणूस किती भित्रा असतो, ते त्याला स्वतःला फार उशिरा कळतं.

सोमवारच्या बैठकीत मोठे सर, तक्तेबाई, वॉर्डाच्या सिस्टर आणि मागच्या रांगेत नऊ शिकाऊ डॉक्टर होते. चौदा नंबरची फाइल चौथी आली. मोठे सर म्हणाले, “पूर्वलक्षणं नव्हती. नोंदी शंभर टक्के पूर्ण. सारांशावर सही राहिली आहे, तेवढी करून टाक.”

धाकटी उठली. “सर, सही करत नाही. तो तक्ता खोटा आहे.”

तिने कोटाच्या खिशात हात घातला.

“बुधवारचे दहा, दोन आणि सहाचे तिन्ही वीस मी लिहिलेत आणि तिन्ही सकाळी दहाला लिहिलेत. मी एकदाही मोजलं नाही. त्यांच्या यजमानांनी मोजलं होतं.” तिने पावतीचा कागद टेबलावर ठेवला. “दीड वाजता बत्तीस. त्यांनी मला दाखवलं आणि मी त्यांना सांगितलं की तुमचं चुकतंय. त्या वॉर्डात त्या दिवशी खरा तक्ता हा एवढाच होता.”

तिचा आवाज सपाट होता. रडली असती तर बरं झालं असतं, कुणीतरी पाणी दिलं असतं आणि विषय संपला असता.

तक्तेबाई म्हणाल्या, “पण आपले अठ्ठ्याण्णव टक्के...”

“त्यातले श्वासाचे सगळे आम्ही मनाने भरलेत, मॅडम. रिकामं ठेवलं की लाल टिकली लागते. खोटं भरलं की ढाल मिळते.”

मोठे सर हळूच म्हणाले, “खाली बस. तू थकली आहेस.”

“थकले आहे सर, पण बसत नाही. एक मागणं आहे. जिथे मोजलं नाही तिथे ‘मोजले नाही’ असं लिहायची मुभा द्या. त्यावरून कुणाला बोलू नका. एवढं झालं तरी पुढचा डॉक्टर फसणार नाही, निदान तिथे थांबून स्वतः बघेल. आणि मोहीम ठरवताना आम्हाला पुढे बसवा. खाटेशी आम्ही असतो.”

मागच्या रांगेत लंबू उठला. उठायला त्याला बराच वेळ लागला. “हिला वीस लिहायला मी शिकवलं,” तो म्हणाला. आणखी एक मुलगी उठली. बाकी सहा जण पायाच्या बोटांकडे बघत राहिले, आणि त्यांना नावं ठेवायचा हक्क आपल्यापैकी किती जणांना आहे, कुणास ठाऊक. वॉर्डाच्या सिस्टर म्हणाल्या, “आम्हालाही माहीत होतं, सर. तुम्हालाही होतं.”

मोठे सर त्या कागदाकडे बघत होते. त्यांनी तो उचलला नाही.

शिक्षा व्हायची ती झाली. खोटी नोंद केली म्हणून धाकटीचं प्रशिक्षण सहा महिन्यांनी वाढलं, लंबूला लेखी ताकीद मिळाली. ढाल परत घेतली. आई दोन दिवस जेवली नाही आणि शेजारीण आता जिन्यात भेटली की स्वतःच घाईत असे. पण ‘मोजले नाही’ची मुभा मिळाली. पुढच्या आठवड्यात फळ्यावरचा आकडा कोसळून चव्वेचाळीसवर आला. तक्तेबाई त्या आकड्यापुढे पेन घेऊन पुष्कळ वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी लाल टिकल्यांची डबी पिशवीत टाकली, शिकाऊ मंडळींना बोलावलं आणि म्हणाल्या, “मला फेरी दाखवा. किती वेळ लागतो तो मी बघते.” त्या दिवशी त्या बावीसही खाटांपाशी उभ्या राहिल्या. पंचवीस मिनिटं लागली. एका खाटेवर चौतीस निघाले.

रविवारी धाकटी पत्ता शोधत मास्तरांच्या घरी गेली. दोन खोल्या होत्या. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती आणि बाजूला लोकांचे अर्धवट शिवलेले कपडे नावाच्या चिठ्ठ्या लावून रचलेले होते. मास्तर उभे राहिले. ती म्हणाली, “आज तुम्ही बसा, मी उभी राहते.”

तिने सगळं सांगितलं, काही न गाळता. ती थांबल्यावर मास्तरांनी विचारलं, “म्हणजे माझं बरोबर होतं?”

“हो.”

“बत्तीस होते?”

“हो मास्तर. बत्तीसच होते.”

ते ओरडतील, हाकलून देतील, अशी तिची तयारी होती. तशी इच्छाच होती म्हणा ना. मास्तर मशीनवरच्या चादरीची घडी सरळ करत राहिले.

“मग मी का थांबलो?” ते म्हणाले. “मला मोजता येत होतं. चाळीस वर्षं मोजलेत. मी का थांबलो?”

“माझ्यावर विश्वास ठेवलात म्हणून.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा धाकटीला काहीतरी दुखलं. छातीत, अगदी साधं, कुणाचंही दुखतं तसं. मास्तरांनी तिच्याकडे वर बघितलं आणि आत जाऊन पाण्याचा पेला आणून तिच्यापुढे धरला. तिला तो घ्यायला लाज वाटली. पण ते हात पुढे करून तसेच उभे राहिले, म्हणून तिने घेतला.